पलंगाचे चार कोपरे (लाकूड आणि आपण : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात मापं पक्की झाली. ज्यांचा तो लेखांक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात: आतून साडेसहा बाय पाच फुटांचा पलंग, तीन इंची चौरस पाय (उशाकडचे साडेतीन फूट, पायगतीचे दीड फूट), सहा इंच रुंद आणि दीड इंच जाड गाती, मधला एक आधार, तेरा पट्ट्या आणि उशाला दोन फळ्या. रुंदी आणि जाडी इंचात, लांबी फुटांत, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागलं की घनफूट मिळतात. आपला हिशेब साधारण चार घनफुटांचा होतो. करवत, रंधा आणि टाळाव्या लागणाऱ्या गाठी मिळून बराच माल खातात, म्हणून वखारीत पाच मागायचे.

आता सांधे. पलंग तिथंच जिंकतो किंवा हरतो.

नवशिक्याला वाटतं, दोन माणसांचं वजन पेलायचं म्हणजे पाय जाडजूड हवेत. वजनाचं काही नाही, तीन इंची सागाचा पाय त्याला भीक घालत नाही. पलंगाचा जीव घेते ती आडवी ओढ. कडेवर धपकन बसणं, कूस बदलणं, केर काढताना एका बाजूने खेचणं. अशा प्रत्येक वेळी पाय आणि गातं यांच्यामधला काटकोन केसभर हलतो. वर्षभरात त्या केसाची फट होते आणि मग रात्री कुरकुर सुरू. खिळा किंवा स्क्रू मारून हे थांबत नाही, कारण लाकूड स्वतःही हलत असतं.

ते कसं हलतं हे बेल्ह्याच्या शेतकऱ्याला शिकवायला नको. बेल्ह्याचा सोमवारचा बाजार बैलांसाठी नावाजलेला, आणि बैल म्हटलं की गाडी आली. आता रस्त्यावर दिसते ती टायरगाडी. पण जुन्या लाकडी चाकाची एखादी गाडी कुणाच्या गोठ्याशेजारी टेकवलेली दिसली तर जरा वाकून बघा. मध्ये तुंबा, त्यात ठोकून बसवलेले आरे, आऱ्यांवर पाटे आणि सगळ्यांना बाहेरून आवळणारी लोखंडी धाव. सरस नाही, स्क्रू नाही. धाव लाल तापवून चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि चाक करकचून आवळलं जातं. तरीही एप्रिल-मेच्या उन्हात बाभळीचे पाटे सुकून आकसले की चाक खिळखिळं व्हायचं. मग ते पाण्यात भिजत ठेवायचं, लाकूड फुगायचं आणि सांधे परत घट्ट. लाकूड हलणारच हे धरून केलेली ती रचना होती. जुन्नरचा हा पूर्वेचा भाग कोरडा. उन्हाळ्यात हवा पार सुकते आणि श्रावणात दमट होते, म्हणून ही हालचाल इथं चांगलीच जाणवते.

लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. उशाच्या फळ्या मिळून सोळा इंच रुंदी आहे. हवेतल्या ओलाव्याने लाकडाचा ओलावा तीन-चार टक्क्यांनी बदलला, तर सागाचीही एवढी रुंदी सूतभर कमी-जास्त होते. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, टेप कितीही मिलिमीटरचा असो, मिस्त्री सुतातच बोलतो.) म्हणून उशाच्या फळ्या पायांना चिकटवायच्या नाहीत. पायात खोबण पाडायची, फळ्या त्यात नुसत्या सरकवायच्या आणि वरखाली सूतभर मोकळीक सोडायची. इथं सरस लावलात तर फळी उभी तडकणार.

कोपऱ्यांकडे येऊ. उशाची आणि पायगतीची आडवी गाती पायांना कायमची जोडायची. अर्धा इंच जाडीचं, दोन इंच लांबीचं कुसू, पायात तेवढीच खाच, आणि सरस. साग तेलकट असतो, त्यामुळे चिकटवण्याआधी दोन्ही अंगं थिनरच्या फडक्याने पुसा आणि लगेच सरस लावा. अर्ध्या तासाने लावलात तर तेल पुन्हा वर आलेलं असेल. अशा दोन चौकटी तयार झाल्या की त्या कुठल्याही दारातून आडव्या करून नेता येतात.

लांब गाती मात्र सुटी हवीत. इथं आमच्यात दोन पक्ष आहेत. एक पक्ष बोल्टवाला, दुसरा पाचरवाला. मी पाचरवाला. बोल्टही वाईट नाही, पण आवळायला पाना शोधावा लागतो. पाचरीला लाकडी हातोडीचा एक ठोका पुरतो.

लांब गात्याचं कुसू एक इंच जाड, अडीच इंच उंच ठेवा. एरवी कुसू गात्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाचं असतं, पण याच्या पोटातून भोक जायचं आहे. ते पायातून आरपार जाऊन तीन इंच बाहेर यायला हवं. म्हणजे गातं कापताना प्रत्येक टोकाला सहा इंच जास्त धरायचे. लांब गात्याचं कुसू पायाच्या वरच्या अंगाला आणि आडव्या गात्याचं खालच्या अंगाला ठेवा, नाहीतर दोन्ही खाचा आत एकमेकींना भिडतील आणि पाय पोकळ होईल.

बाहेर आलेल्या कुसवात पाचरीसाठी तीन सूत रुंदीचं उभं भोक. सगळी मख्खी इथं आहे. भोकाची आतली कड पायाच्या पृष्ठभागाला जुळवायची नाही, ती एक सूत आत, पायाच्या पोटात गेली पाहिजे. तरच पाचर पायावर दाब देत गातं बाहेर ओढते. कड जुळवलीत तर पाचर भोकाच्या भिंतीवर टेकते आणि कितीही ठोका, सांधा सैलच राहतो. भोकापुढे कमीत कमी दीड इंच लाकूड शिल्लक ठेवा. तिथं रेषा आखूड पडतात आणि पाचर ते लाकूड फोडून बाहेर येऊ शकते. पाचरीचा उतार आठास एक. फार उताराची पाचर आपोआप सुटते.

पाचर बाभळीची करा. सागाचं वजन घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास, बाभळीचं आठशेच्या. पाचर कुसवापेक्षा कठीण असलेली बरी. बाभूळ पलंगालाही चालते, पण ती फाटते, पटाशीची धार खाते आणि तिच्या बाहेरच्या पांढऱ्या भागाला लवकर पीठ पडतं. पहिल्या पलंगाला साग घ्या. मात्र बांधावरचा साग आपलाच म्हणून कुऱ्हाड घालू नका. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत तो आहे, परवानगी लागते.

बाहेर आलेली कुसवं नडगीला लागतात ही तक्रार खरी आहे. टोकं गोल करून कानस मारा. खोली अगदीच अरुंद असेल तर मुकाट बोल्ट वापरा.

जोडणी पलंग जिथं राहणार तिथंच करा. चारही पाचरी हाताने बसवा, मग सुतळीने दोन्ही कर्ण मोजा. आतल्या मापाने ते ९८ इंचांच्या जरा वर आणि एकसारखे भरले पाहिजेत. फरक दिसला तर लांब कर्णाच्या कोपऱ्याला मुठीने दाबा, पुन्हा मोजा, आणि मगच हातोडी घ्या. ठोका आळीपाळीने, समोरासमोरच्या कोपऱ्यांवर. पाचरी पहिल्या पावसाळ्यानंतर, हवा सुकली की एकदा ठोकून घ्यायच्या.

पुढच्या आठवड्यात पट्ट्या आणि मधला आधार.