सफरचंदाची खेकडा भजी, साखरेच्या झग्यात!

शनिवारची दुपार. आठवडाभर मीटिंगा झोडून झाल्यावर हात कशात तरी बुडवावेत असं वाटतं ना, तसं मला वाटत होतं. फ्रिजमध्ये सफरचंदं होती, कपाटात मैदा होता आणि मोबाइलवर एक फोटो होता. तपकिरी, ओबडधोबड, वरून काचेसारखा चकाकणारा अ‍ॅपल फ्रिटर. म्हटलं, यात काय आहे? भजीच तर तळायचीत!

दोन तासांनी ओट्यावर बारा काळपट गोळे होते. बाहेरून जळालेले आणि आतून चक्क मैद्याची खळ. आई एक मोडून बघून म्हणाली, "वास छान येतोय हं." आईच्या भाषेत ही संपूर्ण नापासाची मार्कशीट असते.

माझा धाकटा भाऊ तेव्हा हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसला होता. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये शिकून, तिथे नोकरीचं न जमल्यामुळे २०२४ साली तो परत आला. त्यानंतर तिथल्या दिवसांबद्दल तो फारसं बोलायचा नाही. आम्हीही विचारायचो नाही. तो उठला, गोळा हातात घेऊन वजन केल्यासारखा तोलला आणि म्हणाला, "ताई, सफरचंद कच्चंच घातलंस ना? आणि तेल धूर येईपर्यंत तापवलंस."

"तुला काय माहीत?"

"दीड वर्ष रात्री हेच तळत होतो."

आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. आम्हाला माहीत होतं ते एवढंच, की तो एका कॅफेत 'बिलिंगला' आहे.

असो. त्यावर नंतर येते. आधी फ्रिटर, कारण त्या संध्याकाळी मला जे शिकायला मिळालं ते यूट्यूबवरच्या दहा व्हिडिओंत मिळालं नव्हतं.

हा पदार्थ तसा फार जुना. १३९० च्या सुमाराला इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्ड राजाच्या मुदपाकखान्यातल्या आचाऱ्यांनी 'फॉर्म ऑफ क्युरी' नावाचा पाककृतींचा संग्रह केला. त्यात सफरचंदाचे फ्रिटर आहेत. पीठ, अंडी, एल नावाची बीअर, यीस्ट आणि केशर यांच्या पिठात बुडवून तळायचे आणि बदामाच्या दुधाबरोबर वाढायचे. केशर आणि बदाम ऐकून आपली कोजागिरी आठवते की नाही? हॉलंडमध्ये आजही थर्टी फर्स्टला सफरचंदाच्या चकत्या पिठात बुडवून तळतात. पण फोटोत दिसणारा तो ग्लेझवाला, खडबडीत, तळहाताएवढा फ्रिटर हे अमेरिका-कॅनडातल्या डोनटच्या दुकानांचं अपत्य. आइस हॉकीचा खेळाडू टिम हॉर्टनने १९६४ साली हॅमिल्टनमध्येच आपलं पहिलं दुकान टाकलं, तेव्हापासून अ‍ॅपल फ्रिटर त्यांच्या यादीत आहे. ती साखळी २०२२ साली भारतातही आली. भाऊ मात्र तिथल्या एका छोट्या, घरगुती दुकानात होता. पहाटे पाचला गिऱ्हाईक यायचं, म्हणून रात्री दहाला कढई लागायची.

त्याच्या मते फ्रिटर म्हणजे डोनटच्या उरलेल्या पिठाची भेळ. गोल डोनट कापले की मधल्या मधल्या कातरणी उरतात. त्या पुन्हा लाटल्या तर चिवट होतात. मग त्यांच्यावर शिजवलेलं सफरचंद आणि दालचिनी टाकायची, सुऱ्याने चिरून एकत्र करायचं आणि गोळे तळायचे. म्हणून तर त्याला आकार नसतो. मला तो बघताक्षणी खेकडा भजी आठवली, ती उगाच नाही. दोन्हींची मजा त्या कडांत आहे.

फक्त एक मोठा फरक. खेकडा भजीत कांद्याला मीठ चोळून आपण मुद्दाम पाणी सोडवतो आणि त्या पाण्यातच बेसन भिजवतो. इथे पाणी हाच शत्रू. मी कच्च्या सफरचंदाच्या फोडींना साखर लावून ठेवली आणि मैत्रिणीशी फोनवर अर्धा तास बोलत बसले. साखरेने रस बाहेर ओढला आणि पीठ पातळ झालं. मी घाबरून आणखी मैदा ओतला, पीठ जड झालं. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ आयत्या वेळी घालायचं हे लहानपणापासून माहीत असून माझी ट्यूब पेटली नाही!

तर आता नीट. दोन मोठी सफरचंदं, साधारण चारशे ग्रॅम. सोलून बोटाच्या पेराहून लहान फोडी करा. पॅनमध्ये चमचाभर बटर, त्यात फोडी, दोन मोठे चमचे साखर आणि लिंबाचे चार थेंब. आच मध्यमहून थोडी मोठी, झाकण अजिबात नको. सात-आठ मिनिटांत रस सुटतो आणि आटतोही. फोडी आकार टिकवून आहेत आणि पॅन कोरडा दिसतोय, की बंद. ताटात पसरून पूर्ण गार करा. गरम फोडी पिठात घातल्या तर बटर वितळून पीठ चिकट होतं.

सफरचंद कोणतं? यावर आमच्या घरी छोटं भांडण झालं. आपल्या बाजारातलं लालभडक, गोड रॉयल डेलिशियस शिजवलं की लगेच गळतं. कोल्ड स्टोरेजमधलं असेल तर पिठूळही लागतं. त्यापेक्षा आंबट, कडक सफरचंद घ्या. हिरवं ग्रॅनी स्मिथ उत्तम, पण ते बहुतेक परदेशातून येतं आणि किंमत बघून घशाला कोरड पडते. माझा उपाय असा, की ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये ताजा माल येतो तेव्हा त्यातली जरा कच्ची, टणक फळं निवडायची आणि लिंबू थोडं वाढवायचं. जाता जाता एक गंमत. हे 'आपलं' डेलिशियस मूळचं अमेरिकन. फिलाडेल्फियाहून आलेल्या सॅम्युअल स्टोक्सने १९१६ च्या सुमाराला सिमल्याजवळच्या कोटगढ भागात त्याची कलमं लावली. पुढे तो हिंदू होऊन सत्यानंद स्टोक्स झाला. म्हणजे आपल्या फळवाल्याकडच्या सफरचंदाचा अमेरिकन फ्रिटर करणं ही तशी घरवापसीच म्हणायची!

पीठ: मैदा तीनशे ग्रॅम, म्हणजे साधारण अडीच कप. दीड छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, तीन मोठे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ, एक अंडं, अर्धा कप कोमट दूध, चाळीस ग्रॅम मऊ बटर. दूध कोमट म्हणजे बाळाला पाजू इतपतच. कढत असेल तर यीस्ट मरतं आणि मग तुम्ही कितीही वाट बघा, पीठ ढिम्म हलत नाही. बटर सोडून सगळं मळा, शेवटी बटर थोडं थोडं जिरवा. दहा मिनिटं जीव तोडून मळायचं. (ऑफिसातला राग इथे काढावा. स्वस्त पडतो.) पीठ चपातीच्या कणकेपेक्षा सैल आणि किंचित चिकट असायला हवं. झाकून ठेवा. पुण्याच्या उन्हाळ्यात तासाभरात दुप्पट होतं, डिसेंबरात दोन तासही लागतात.

अंडं चालत नसेल तर त्याऐवजी पाव कप दही घाला आणि दूध तेवढं बेताने घ्या. फ्रिटर थोडा कमी हलका होतो, पण होतो. आईसाठी आम्ही पुढच्या वेळी तसाच केला.

आता खरी जादू. भावाने ओट्यावर मैदा भुरभुरला, फुगलेलं पीठ हातानेच चौकोनी पसरलं. अर्ध्या भागावर सफरचंद, वर एक छोटा चमचा दालचिनी पूड, चिमूटभर जायफळ आणि एक मोठा चमचा कोरडा मैदा. हा मैदा उरलासुरला ओलावा पितो. दुसरी बाजू त्यावर दुमडली आणि मोठ्या सुऱ्याने उभं-आडवं सटासट चिरायला लागला. दोन-दोन सेंटीमीटरचे तुकडे. गोळा केले, पुन्हा चिरले. सगळा ओटा म्हणजे अपघाताची जागा. मी ओरडले, "अरे, वाट लावलीस!" तो हसला. कितीतरी महिन्यांनी. "वाट लावायचीच असते. एकजीव केलंस तर तो सफरचंदाचा पाव होतो."

आई दारात उभी राहून त्याच्या हातांकडे बघत होती. सुऱ्याचा वेग बघून कुणालाही कळलं असतं, की हे काम दोन-चार वेळा केलेलं नाही.

त्या मिश्रणाचे दहा भाग करा. तळहाताएवढे, चपटे, मधे बोटाने दाबून पातळ. मधला भाग जाड राहिला तर तोच कच्चा राहतो. प्रत्येक गोळा बटरपेपरच्या चौकोनावर ठेवा, वर कोरडं फडकं टाका आणि अर्धा-पाऊण तास विसरा. तळताना कागदासकट अलगद तेलात सोडायचं. काही सेकंदांत कागद सुटतो, तो चिमट्याने काढून घ्या. फुगलेला गोळा हाताने उचलायला गेलात तर तो बसलाच म्हणून समजा.

तेल रिफाइंड सूर्यफुलाचं किंवा शेंगदाण्याचं. घाण्याचं नको, त्याचा वास दालचिनीच्या डोक्यावर बसतो. कढई जाड बुडाची, तेल निदान दोन इंच. तापमान १७५ अंश सेल्सिअस. ऑनलाइन मिळणारा किचन थर्मामीटर घ्याच, असं मी म्हणणार होते, पण आईने पिठाचा वाटाण्याएवढा तुकडा टाकून सांगितलं, "तळाशी जाऊन सावकाश वर आला आणि कडेने बारीक बुडबुडे आले की सोड." भावाने थर्मामीटर घातला. १७४! तेल जास्त तापलं तर माझ्या पहिल्या घाण्यासारखं बाहेर कोळसा, आत खळ. कमी तापलं तर फ्रिटर तेल पितो. एका वेळी दोनच टाका, कारण गार पीठ पडलं की तेल धाडकन उतरतं. एका बाजूला दोन-अडीच मिनिटं, मग उलटा. रंग गुलाबजामच्या जवळ जाणारा हवा. सोनेरीवर काढायचा मोह होतो, पण या पदार्थात तो मोह आवरा. आणि हो, एखादी फोड बाहेर डोकावत असेल तर ती तेलात फुटून उडते. मनगटावर माझ्याकडे पुरावा आहे, तेव्हा जरा लांबूनच.

ग्लेझ म्हणजे पाक नव्हे. आईने लगेच एकतारी की दोनतारी विचारलं. बालूशाहीला पाक लागतो, तो शिजवलेला. इथे काहीच शिजवायचं नाही. दोन कप आयसिंग शुगर, तीन ते चार मोठे चमचे दूध, अर्धा छोटा चमचा व्हॅनिला आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, नाहीतर नुसता गोडमिट्ट. घरची पिठीसाखर वापरायची तर ती वस्त्रगाळ करून घ्या, कपाला छोटा चमचा कॉर्नफ्लोअर मिसळून. मिक्सरमधली तशीच घातली तर दाताखाली कचकच येते. दाटपणा डोशाच्या पिठापेक्षा जरासा पातळ.

फ्रिटर कढईतून काढल्यावर चार-पाच मिनिटं जाळीवर ठेवायचा. कागदावर नको, तळ ओला होतो. कढत असताना ग्लेझमध्ये बुडवला तर सगळं ओघळून जातं, थंडगार झाल्यावर बुडवला तर वर पांढरा जाड थर बसतो. कोमट हवा. मग ग्लेझ खाचांमध्ये शिरतं, कडांवर पातळ पसरतं आणि दहा मिनिटांत सुकून पापुद्र्यासारखं तडकतं. पावसाळ्यात मात्र ते नीट सुकतच नाही. हवेतलं पाणी साखर ओढून घेते आणि बोटं चिकट राहतात. मुंबईकरांनी जुलैत हा घाट घातला तर पंख्याखाली नाही, एसीच्या खोलीत सुकवावा.

आई डायनिंग टेबलाशी बसली. पहिला तुकडा मोडला. कडा कुरकुरीत, आत मऊ, मधेच आंबटगोड सफरचंद. खाऊन झाल्यावर तिने बोटांना लागलेली साखर पुसली आणि त्याला विचारलं, "रात्रभर उभा राहून करायचास?"

"हो. शनिवारी तर दोनशे-अडीचशे व्हायचे."

"आणि जेवायचास काय?"

"हेच. मोडलेले."

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मला तेव्हा सांगितलं असतंस तर मेतकूट तरी पाठवलं असतं." आणि उठून तिने दुसरा घाणा सोडायला गॅस मोठा केला. त्याने पुढे होऊन तो बारीक केला. "एकशे पंच्याहत्तर, आई."

तो आता अधूनमधून बोलतो. फ्रायरच्या वाफेबद्दल, पहाटे साडेचारला येणाऱ्या बसड्रायव्हरबद्दल. बहुतेक वेळा पीठ मळताना.

फ्रिटर त्याच दिवशी खावेत. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घातले तर ग्लेझ वितळतं आणि कडा लुळ्या पडतात. उरलेच तर ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये १६० अंशांवर तीन-चार मिनिटं. आमच्याकडे दहापैकी दोन उरले होते. ते सोमवारी डब्यातून ऑफिसला नेले आणि लिफ्टमध्येच संपले.