एल्सवर्थ पर्वत: शोध आणि शोधन

'शोध' हा शब्द मराठींत दोन अर्थांनीं चालतो. अज्ञात वस्तूच्या मागें लागणें हा एक, व ती सांपडणें हा दुसरा. परंतु 'शुध्' या धातूकडे पाहतां मळ काढणें, चूक दुरुस्त करणें हा त्याचा मूळचा अर्थ निराळाच आहे. इ. स. १९३५ सालीं लिंकन एल्सवर्थ या अमेरिकन गृहस्थानें अंटार्क्टिकांतील सर्वांत उंच पर्वत शोधून काढला, असें संक्षेपानें लिहिण्याचा प्रघात आहे. हें विधान खोटें नाहीं. परंतु तें जसेंच्या तसें स्वीकारल्यास एल्सवर्थनें न केलेलें कामहि त्याच्या पदरीं पडतें. म्हणून त्याचें शोधन करणें इष्ट वाटतें.

हा पर्वत पश्चिम अंटार्क्टिकांत रॉन हिमफलकाच्या पश्चिमेस आहे. त्याची लांबी सुमारें ३५० किलोमीटर व रुंदी ५० किलोमीटरच्या आंतबाहेर आहे. मिनेसोटा नांवाची हिमनदी त्यास छेदून जाते. तिच्या उत्तरेची ती सेंटिनेल रांग व दक्षिणेची ती हेरिटेज रांग. सर्वोच्च शिखरें उत्तरेकडील रांगेंत आहेत. पूर्वेस रटफर्ड हिमप्रवाह बराच खालून वाहत असल्यामुळें त्या बाजूनें कडे अतिशय उत्तुंग दिसतात. पश्चिमेस मात्र बर्फाचें उंच पठार पर्वतास येऊन भिडलें असल्यामुळें त्याची बरीच उंची झांकली जाते.

एवढा मोठा पर्वत इतके दिवस अज्ञात कसा राहिला, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर मार्गांत आहे. अमुंडसेन १९११ सालीं व स्कॉट १९१२ सालीं ध्रुवावर पोंचले ते रॉस समुद्राच्या बाजूनें. हा प्रदेश त्यांच्या वाटेपासून फार दूर राहिला. जहाजांनाहि तो दिसणें शक्य नव्हतें. तेव्हां तो दिसावयाचा तर विमानांतूनच.

एल्सवर्थ व त्याचा वैमानिक हर्बर्ट हॉलिक-केन्यन हे 'पोलर स्टार' नामक विमानांतून डंडी बेटावरून रॉस हिमफलकाकडे निघाले. त्यापूर्वींचे प्रयत्न फसले होते. २३ नोव्हेंबर १९३५ रोजीं एक अनामिक पर्वतरांग त्यांच्या दृष्टीस पडली. तिला एल्सवर्थनें 'सेंटिनेल', म्हणजे पहारेकरी, असें नांव दिलें, एका शिखरास पत्नीचें नांव दिलें, व छायाचित्रें घेतलीं. वाटेंत बिनतारी यंत्र बंद पडलें, हिमवादळामुळें दिवसेंदिवस खोळंबावें लागलें, आणि शेवटीं लिटल अमेरिका हें ठाणें थोड्याच मैलांवर असतां इंधन संपलें. उरलेली वाट पायीं तुडवून ते १५ डिसेंबर रोजीं तेथें पोंचले. 'डिस्कव्हरी दोन' हें जहाज त्यांस शोधीत आलें तें जानेवारी १९३६ मध्यें.

आतां पुराव्याकडे वळूं. धांवत्या विमानांतून पाहिलेला पर्वत हें प्रत्यक्ष प्रमाण खरें; पण त्याचें स्थान व उंची हीं अनुमानानेंच ठरवावयाचीं होतीं. एल्सवर्थचीं छायाचित्रें घेऊन जोर्ग या भूगोलज्ञानें मोठ्या चिकाटीनें नकाशा सिद्ध केला व तो १९३७ सालीं न्यूयॉर्कच्या भूगोलविषयक नियतकालिकांत छापला गेला. माझ्या मतें जोर्गचें हें श्रेय एल्सवर्थच्या श्रेयाहून फारसें उणें नाहीं. परंतु टेबलापाशीं बसून केलेल्या कामाची कथा कोणी सांगत नाहीं.

त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ गेला. १९५७-५८ च्या हंगामांत चार्ल्स बेंटली याच्या तुकडीनें सेंटिनेल रांगेजवळ जाऊन जमिनीवरून पहिली मोजणी केली. ज्यास आज व्हिन्सन म्हणतात त्या सर्वोच्च पर्वताची निश्चिति अमेरिकन नौदलाच्या विमानांनीं १९५८ सालीं केली. म्हणजे रांग एल्सवर्थची असली तरी तिचा मुकुटमणि त्याच्या पदरीं घालतां येत नाहीं. उंचीचा आंकडाहि एकदम ठरला नाहीं. प्रथम ५,१४० मीटर धरला होता, मागाहून ४,८९७ झाला, व २००४ च्या मोजणीनें ४,८९२ वर आला. १९६६ च्या डिसेंबरांत निकोलस क्लिंच याच्या नेतृत्वाखालील तुकडी प्रथम शिखरावर चढली तेव्हां ती रूढ आंकड्याहून सुमारें अडीचशें मीटर कमी चढली होती, असें आज म्हणावें लागतें! नांवाचेंहि असेंच झालें. प्रथम सर्वच पर्वतास सेंटिनेल म्हणत. दक्षिणेचा भाग निराळा ओळखला गेल्यावर तें नांव उत्तरेच्या रांगेस राहिलें, आणि समग्र पर्वतास एल्सवर्थचें नांव मिळालें.

महाराष्ट्राच्या वाचकांस जवळची वाटेल अशी एक गोष्ट राहिली. या पर्वतांत ग्लॉसॉप्टेरिस नामक लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे सांपडल्याचें १९६५ सालीं प्रसिद्ध झालें. ते ज्या खडकांत मिळतात त्यांच्या थरास 'पोलरस्टार' असें नांव आहे. एल्सवर्थच्या विमानाचें नांव असें दगडावर कोरलें गेलें. याच वनस्पतीचे ठसे नागपूर-कामठीच्या बाजूस स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गोळा केले होते, व चार्ल्स बनबरी यानें १८६१ सालीं नागपुराकडील वनस्पतींच्या त्या ठशांचें वर्णन छापलें. हीं पानें जेव्हां गळलीं तेव्हां विदर्भाची भूमि व ही ध्रुवभूमि एकाच गोंडवन महाखंडाचे भाग होत्या.