चिमटा कार्बनचा, हिशेब ग्रॅमचा!

हडपसरहून सासवड रोडला लागलं की फुरसुंगी, उरुळी देवाची, वडकी आणि मग समोर उभा राहतो तो दिवे घाट! चढावर धाप लागली की रोड बाईकवाल्याच्या डोक्यात एकच किडा वळवळतो, सायकल हलकी कशी करायची? सल्लाही लगेच मिळतो, "कार्बनचा फोर्क टाक." फोर्क म्हणजे सायकलच्या दुकानातला आपला चिमटा, पुढचं चाक धरणारा. या सल्ल्यात दम किती, ते जरा मांडून बघूया.

स्टीलचा चिमटा साधारण ८०० ते १००० ग्रॅम भरतो. पूर्ण कार्बनचा ३५० ते ४५०. म्हणजे अर्धा किलो वाचला. आता स्वार आणि सायकल मिळून ७५ किलो धरा आणि चढायला २० मिनिटं, म्हणजे १२०० सेकंद. तीव्र चढावर लागणारा वेळ जवळजवळ वजनाच्या प्रमाणात असतो. ७५ किलोत अर्धा किलो म्हणजे पाऊण टक्काही नाही. वाचले किती? ८ सेकंद! तुमचा चिमटा आधीच कार्बनचा आणि फक्त वरची नळी, म्हणजे स्टीअरर, ॲल्युमिनियमची असेल, तर दीड-दोनशे ग्रॅमच कमी होतात. मग जेमतेम ३ सेकंद.

शर्यतवाल्यांना तेवढेही हवे असतात म्हणा. पण त्यांच्यासाठीसुद्धा यूसीआय या जागतिक संघटनेने २००० सालापासून सायकलचं किमान वजन ६.८ किलो ठरवून दिलं आहे.

तरी बसवायचाच असेल, तर आधी माप बघा. आजकाल सरळ स्टीअररचा व्यास २८.६ मिमी असतो. जुन्या सायकलींचा २५.४ मिमी आणि वर आटे पाडलेले. तिथे नवा चिमटा बसणारच नाही.

नवा स्टीअरर लांब येतो, तो कापावा लागतो. नळीची जाडी ३ मिमी धरली तर दर सेंटिमीटरला सुमारे ४ ग्रॅम, म्हणजे १० सेंमी कापले की ४० ग्रॅम गेले. पण घाई नको. एकदा कापलेला परत जोडता येत नाही. हँडल आधी उंच ठेवून महिनाभर चालवा, मग कापा. कापताना बारीक दात्यांचं हॅकसॉ पातं, थोडं पाणी आणि तोंडाला मास्क हवाच. कार्बनची धूळ फुफ्फुसांना चांगली नाही.

आता मुख्य मुद्दा. कार्बनचे धागे ताणाला जबरदस्त, पण नळी बाहेरून चिरडली तर कच्ची. म्हणून स्टेम जिथे नळीला आवळतो, तिथे आतून आधार देणारा एक्सपांडर प्लग टाकतात. त्याचं वजन ३० ते ६० ग्रॅम. ग्रॅमच्या नादात काही जण नेमका तोच काढायला बघतात! स्टीलच्या नळीतला दातेरी स्टार नटही इथे चालत नाही, तो आतून ओरखडे काढतो. स्टेमचे बोल्ट बहुधा ५ न्यूटन-मीटरला आवळायचे असतात (स्टेमवरचा आकडा बघा). १० सेंमीच्या ॲलन कीच्या टोकाला जेमतेम ५ किलोचा जोर, बस्स! अंदाजाने नको, टॉर्क रेंच वापरा.

एवढं का सांगतोय? कारण घाट चढला की उतरायचाही असतो. पुढचा ब्रेक दाबला की सगळा भार पुढच्या चाकावर, म्हणजे चिमट्यावर येतो. स्टील बहुधा वाकून आधी इशारा देतं. कार्बन मात्र आतून तडकला असला तरी वरून छान दिसतो आणि एकदम तुटतो. मग तोंडावर पडण्यावाचून गत्यंतर नाही.

तेव्हा सायकल पडली की चिमटा काढून तपासून घ्या. ८ सेकंदांसाठी पैसे टाकायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. पण टाकलेच, तर प्लग आतच राहू द्या!