मंजुरीची वाट आणि औषधाची तारीख

आजार हत्तीच्या पावलानें येतो आणि मुंगीच्या पावलानें जातो, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. पण आजाराबरोबर घरांत शिरणारे कागदहि मुंगीच्याच पावलानें चालतात, हा अनुभव अलीकडच्या काळांतला आहे. विम्याचा हप्ता वर्षानुवर्षें बिनबोभाट भरणाऱ्या कुटुंबाला प्रसंग ओढवल्यावर मंजुरीच्या उंबरठ्यावर किती तिष्ठत राहावें लागतें, हें २०२५ सालीं मीं माझ्या माहेरीं पाहिलें. तीच हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें. कोणाची निंदा करण्याचा हेतु नाहीं. दुसऱ्या एखाद्या घराचे चार दिवस वांचले तरी लिहिल्याचें सार्थक होईल.

माझ्या वहिनींचें वय बासष्ट. स्तनांत गांठ हातास लागली, तपासणींत कर्करोग निघाला. डॉक्टरांनीं आधीं औषधें व मग शस्त्रक्रिया असा क्रम आंखून दिला. औषध दर एकवीस दिवसांनीं शिरेंतून द्यावयाचें, आणि त्यांतील ट्रॅस्टुझुमॅब हें महागडें औषध तर वर्षभर चालू ठेवावयाचें. प्रत्येक खेपेस मंजुरीचा अर्ज नव्यानें पाठवावा लागे. पहिल्या दोन खेपा सुरळीत पार पडल्या. तिसऱ्या खेपेस वहिनी पिशवी घेऊन रुग्णालयाच्या बांकावर बसल्या असतां विम्याच्या खिडकीवरून उत्तर आलें, "कंपनीची शंका आली आहे. आज कांहीं होणार नाहीं."

शंकेचें मूळ एका शब्दांत होतें. गांठ दोन महिन्यांपासून असल्याचें वहिनींनीं सांगितलें होतें; केसपेपरावर कोणा शिकाऊ डॉक्टरानें घाईंत "दोन वर्षें" असें लिहिलें. दादांची पॉलिसी नऊ वर्षांची जुनी; परंतु विम्याची रक्कम पांच लाखांवरून दहा लाख त्यांनीं दीड वर्षापूर्वींच केली होती. तेव्हां रोग ठाऊक असूनच रक्कम वाढविली काय, असा कंपनीस संशय आला. एक कागद पाठवावा, तों दुसरा मागितला जाई. फोनवर रोज नवा आवाज, आणि रोज पहिल्यापासून हकीकत.

दादा जन्मभर बँकेंत नोकरी केलेले. कागद चोख असला म्हणजे काम होतेंच, अशी त्यांची श्रद्धा. ते म्हणत, "उद्यां येईल मंजुरी." वहिनींचेंहि तेंच. मला म्हणाल्या, "वन्सं, तुम्हीच सांगा यांना, घरचे पैसे नका हो मोडूं. परत मिळाले नाहींत तर पुढच्या खेपांचें काय? मला कांहीं दुखत नाहीं, थांबूं आठ दिवस." दुखत नाहीं म्हणून थांबणें हा या रोगांतला मोठाच फसवा विचार आहे, हें त्या वेळीं आम्हां कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं.

पांचव्या दिवशीं डॉक्टरांनींच फोन करून विचारलें. दादांनीं कारण सांगितलें तेव्हां ते शांतपणें म्हणाले, "तारीख रोगाच्या हिशेबानें दिलेली आहे, कंपनीच्या नव्हे. पैशाची सोय होत असेल तर उद्यां या." ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत, कर्करोगाची शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली तर मृत्यूचा धोका सहा ते आठ टक्क्यांनीं वाढतो असें आढळलें आहे; औषधोपचारांच्या विलंबाचाहि परिणाम होतोच. दुसऱ्या दिवशीं दादांनीं मुदत ठेव मोडली, आणि सहा दिवस उशीरा तिसरी खेप पार पडली.

मग आम्हीं नियम वाचावयास बसलों. तें काम पहिल्याच आठवड्यांत करावयास हवें होतें. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणें रोकडरहित उपचारांच्या अर्जावर एका तासांत निर्णय व्हावयास पाहिजे, आणि घरीं सोडतांनाची अंतिम मंजुरी तीन तासांत. शंका निघाली कीं हें घड्याळ व्यवहारांत थांबतें, हा आमचा अनुभव. तरीहि नियमाचा उल्लेख करून लिहिलेल्या पत्रास उत्तर लवकर येतें. दुसरें असें कीं, पॉलिसी साठ महिने अखंड चालली असेल तर माहिती दडविल्याच्या कारणावरून, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, दावा नाकारतां येत नाहीं. रक्कम वाढविली असेल तर वाढीव भागापुरतेच हे साठ महिने वाढीच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे दादांच्या मूळ पांच लाखांवर असा आक्षेप टिकण्यासारखा नव्हता, आणि तिसऱ्या खेपेचा खर्च त्यांतच सहज बसत होता!

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रोकडरहित मंजुरी नाकारली म्हणजे दावा नाकारला असें नव्हे. पैसे भरून उपचार घ्यावे आणि मूळ बिलें, पावत्या, औषधाची चिठ्ठी व रुग्णालयाचा सारांश पॉलिसींतील मुदतींत पाठवून परतफेड मागावी. दावा फेटाळलाच तर पॉलिसीच्या कलमासह लेखी कारण मागावें. कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्याकडे लिहावें; महिनाभरांत उत्तर न आल्यास किंवा तें न पटल्यास वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे जातां येतें. त्यांचीं कार्यालयें मुंबईस व पुण्यासहि आहेत. तेथें फी नाहीं, वकील लागत नाहीं.

आमचें प्रकरण लोकपालापर्यंत गेलें नाहीं. गांठ केव्हांची याबद्दल डॉक्टरांनीं दुरुस्तीचें प्रमाणपत्र दिलें, दादांनीं साठ महिन्यांच्या कलमाचा उल्लेख करून पत्र लिहिलें, आणि दोन महिन्यांनीं हातमोजे वगैरे किरकोळ बाबी वजा जातां पैसे परत आले. पुढच्या खेपांस अडचण पडली नाहीं. शस्त्रक्रियाहि झाली, वहिनी आतां सकाळीं तुळशीला पाणी घालण्याइतक्या हिंडत्याफिरत्या आहेत. पण पैसे परत आल्याचें कळलें त्या संध्याकाळीं दादा म्हणाले, "पैसे आले ग, ते सहा दिवस कुठें आले?" त्यावर मला उत्तर सुचलें नाहीं.

म्हणून वाचकभगिनींस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. घरांतील पॉलिसी आज कपाटांतून काढा. ती केव्हां सुरू झाली, रक्कम केव्हां वाढविली, हें पहिल्या पानावर लिहून ठेवा. रुग्णालयांत केसपेपर हातीं येतांच स्वतः वाचा, आणि चूक दिसल्यास तेथल्या तेथें दुरुस्त करून घ्या. एका खेपेइतकी रक्कम हाताशीं ठेवतां आली तर ठेवा. ती सोय नसेल तर संकोच न करतां पहिल्याच दिवशीं डॉक्टरांस व रुग्णालयाच्या समाजसेवकांस तसें सांगा, मार्ग निघतो. मंजुरीची वाट अवश्य पाहावी, पण औषधाची तारीख तिच्यासाठीं थांबवूं नये.