बालकेंद्री कृतियुक्त शिक्षण

बालकेंद्री कृतियुक्त शिक्षण : मुलाची स्वाभाविक जिज्ञासा, त्याच्या वाढीची अवस्था आणि त्याच्या हातून होणारे काम यांना अध्यापनाचा पाया मानणारी शिक्षणपद्धती. तीत मूल आपले काम स्वतः निवडते, साधने हाताळते, चुकते आणि ती चूक शक्यतो स्वतःच दुरुस्त करते. शिकण्यास अनुकूल परिसर सिद्ध करणे, मुलाचे निरीक्षण करणे व गरज असेल तेवढेच साहाय्य देणे, एवढे शिक्षकाचे काम उरते. ते वाटते तितके सोपे नाही. ही पद्धती बहुतेकांना शहरांतील माँटेसोरी बालमंदिरांवरून परिचित आहे. त्यामुळे ती तीन ते सहा वर्षे वयाच्या, सुस्थितीतील घरांतल्या मुलांसाठीच आहे, असा समज रूढ झाला आहे. विसाव्या शतकात वर्धा–नागपूरचा परिसर आणि पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी–कोसबाड (आता पालघर जिल्हा) या दोन ठिकाणी ती इतर वयांना व अगदी वेगळ्या परिस्थितीला लावून पाहण्यात आली. त्या प्रयोगांवरून हा समज खरा ठरत नाही.

रूसो (१७१२–७८), पेस्टालॉत्सी (१७४६–१८२७) व किंडरगार्टनचा प्रवर्तक फ्रबेल (१७८२–१८५२) यांनी या विचाराची पूर्वतयारी केली. जॉन ड्यूई (१८५९–१९५२) यांनी १८९६ मध्ये शिकागो येथे प्रयोगशाळा म्हणून चालविलेल्या शाळेत त्याला सामाजिक अधिष्ठान दिले. पद्धतीचे सूक्ष्म तंत्र मात्र मारिया माँटेसोरी (१८७०–१९५२) या इटालियन डॉक्टर विदुषीने बसविले. त्यांच्या कार्याचा आरंभ मतिमंद मुलांपासून झाला आणि ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या श्रमिक वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. गरिबांच्या चाळीत जन्मलेली ही पद्धती पुढे महागड्या शाळांची ओळख व्हावी, हा तिच्या इतिहासातील विपर्यास होय.

माँटेसोरी साधनांचे मर्म त्यांच्या देखणेपणात नसून रचनेत आहे. लाकडी ठोकळ्यातील दहा खोबणींत दहा दट्टे बसवावयाचे असतात. प्रत्येक दट्ट्यास त्याचीच खोबण बरोबर येते. एक दट्ट्या चुकला, तर शेवटी एक न बसणारा दट्ट्या हाती उरतो. चूक झाली हे बाईंनी सांगावे लागत नाही. ते लाकूडच सांगते. एक ते दहा सेंटिमीटर बाजूंच्या दहा घनांचा मनोरा, एकक-दशक-शतक-सहस्र दाखविणारे मणी, खरखरीत कागदाची अक्षरे या सर्वांत हेच तत्त्व आहे. एका साधनाने एकच गुणधर्म वेगळा काढून दाखवावा आणि पडताळा साधनातच असावा. हे तत्त्व ध्यानी घेतले, म्हणजे साधन सागवानाचे असावे की शिंपल्यांचे हा प्रश्न गौण ठरतो. तो गौण आहे हे भारतात कृतीने सिद्ध झाले.

बोर्डी व कोसबाड : भावनगर येथे गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. विवाहानंतर काही काळ अमरावतीस राहिलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) पुढे त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला. तेथील मुले मध्यमवर्गीय होती आणि पद्धतीची तेथे फारशी कसोटी लागली नाही. ती १९४५ मध्ये बोर्डी येथे लागली. अनुताई वाघ (१९१०–९२) यांच्या साहाय्याने ताराबाईंनी त्या गावी बालवाडी काढली. परंतु तथाकथित अस्पृश्यांच्या वस्तीतील मुले तेथे येईनात. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, असा निर्णय झाला आणि वस्तीतच भरणाऱ्या या वर्गाला ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. मुलांची आंघोळ, केस विंचरणे व नखे कापणे यांपासून तेथील दिवस सुरू होई. ही केवळ स्वच्छतेची शिकवण नव्हती. माँटेसोरींच्या ‘जीवनव्यवहारातील कामां’चेच ते त्या परिस्थितीतील रूप होते.

पुढे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेले आणि अडचण आणखी बिकट झाली. पाच-सहा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडे, आठ-नऊ वर्षांचा मुलगा गुरांमागे असे. या मुलांना शिक्षणाची आवड नव्हती असे नव्हे. त्यांच्याजवळ मोकळा वेळ नव्हता. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ कल्पिण्यात आली. भावंड पाळण्यात झोपे, बहीण वर्गात बसे. गुराख्यांसाठी कुरणातच ‘कुरणशाळा’ भरविण्यात आली. पाने, बिया, शंख-शिंपले, खडे, माती ही साधने झाली. बियांचे आकारानुसार गट पाडणाऱ्या मुलाच्या हातून दट्ट्यांच्या ठोकळ्याशी खेळणाऱ्या मुलाचेच काम होत होते. मात्र येथे पडताळा साधनात आपोआप राहत नाही. तो शिक्षिकेने योजावा लागतो. स्वस्त साधनांबरोबर शिक्षिकेची जबाबदारी वाढते, ही गोष्ट ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या उत्साहात पुष्कळदा विसरली जाते.

वर्धा व सेवाग्राम : ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. वर्धा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत असून नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. झाकिर हुसेन समितीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सादर केलेल्या अहवालात सात ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी मातृभाषेतून, हस्तव्यवसायाच्या आधारे द्यावयाच्या शिक्षणाची योजना होती. तिचे वेळापत्रक बोलके आहे. साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगासाठी तीन तास वीस मिनिटे, मातृभाषेसाठी चाळीस मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित यांसाठी मिळून चाळीस मिनिटे, समाजशास्त्र व सामान्यविज्ञान यांसाठी तीस मिनिटे, तर व्यायाम व मधली सुट्टी यांसाठी प्रत्येकी दहा मिनिटे राखली होती. मूलोद्योगातूनच इतर विषय उमलावेत, ही ‘समवाया’ची कल्पना त्यामागे होती.

ती प्रत्यक्षात कशी उतरे हे तकलीवरून समजते. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी भरतात, तितका सुताचा अंक. मुलाने २१० वार सूत काढले व त्याचे वजन पौंडाचा ८० वा भाग भरले, तर अंक २० येतो. तेवढ्याच लांबीचे सूत वजनाला अधिक भरले, की अंक उतरतो. व्यस्त प्रमाण हे त्रैराशिकाचे कोडे न राहता बोटांना जाणवते. ‘सूत जाड का झाले?’ हा प्रश्न मुलाला स्वतःचाच असतो. त्यातून पुढे वऱ्हाडातील काळी जमीन, कापसाचे वाण, नागपुरात १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल, विलायती कापड व विणकरांची दैना यांकडे सहज जाता येते. शिक्षक जाणकार असेल तर अर्थातच. एरवी समवाय ओढूनताणून केलेला जोड ठरतो, आणि अनेक शाळांत तसेच झाले.

या योजनेत मुलाची निवड कितपत राहिली, हा मूलभूत प्रश्न आहे. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागावा, ही अपेक्षा परिषदेतच वादग्रस्त झाली. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांनी तिला विरोध केला. स्वतः झाकिर हुसेन यांनीही स्वावलंबनावर अतिभर दिल्यास शिक्षक मुलांना राबवून घेतील, असा इशारा दिला. हा आक्षेप निराधार नव्हता. सुताच्या वारांचा हिशेब ठेवणारी शाळा आणि मुलाच्या प्रश्नांचा मागोवा घेणारी शाळा बाहेरून सारखीच दिसते. दोन्हींत मुले कातत असतात. फरक ठरतो तो तुटलेल्या धाग्याकडे नुकसान म्हणून पाहिले जाते की शिकण्याची संधी म्हणून, यावर.

सेवाग्राम येथे हिंदुस्थानी तालीमी संघाच्या वतीने ई. डब्ल्यू. व आशादेवी आर्यनायकम् या दांपत्याने हा दुसरा मार्ग जपण्याचा प्रयत्न केला. १९४५ पासून नई तालीमची व्याप्ती वाढवून पूर्व-बुनियादी, बुनियादी, उत्तर-बुनियादी व प्रौढ शिक्षण असे चार टप्पे मानण्यात आले. पूर्व-बुनियादीचे काम शांता नारूलकर यांनी पाहिले. स्वयंपाकघर, भाजीचे वाफे, सफाई व आजाऱ्यांची शुश्रूषा हाच तेथे अभ्यासक्रम होता. योगायोग असा, की माँटेसोरींनीही बारा वर्षांपुढील मुलांसाठी शेतीवरील वसतिगृह-शाळा सुचविली होती. कुमारवयीनांनी पिकवावे, दुकान चालवावे, स्वकष्टाचा पैसा हाताळावा, असे त्यांचे मत होते. गांधीजी व माँटेसोरी यांची १९३१ मध्ये लंडनला भेट झाली होती. महायुद्धाच्या काळात माँटेसोरी भारतात अडकून पडल्या होत्या. तरीही हे दोन विचार बहुतांशी स्वतंत्रपणेच एका ठिकाणी आले असे दिसते. लहान मुलाला हाताने वस्तू समजून घ्यावयाच्या असतात. कुमाराला हाताच्या कामातून समाजातील आपले स्थान शोधावयाचे असते. वयाबरोबर साधन बदलते ते या कारणाने.

मध्य प्रांतात शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी १९३८ मध्ये ‘विद्यामंदिर’ योजना पुढे आणली. गावातील जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालावी, अशी तिची मांडणी होती. नावावरून उठलेला वाद व १९३९ मधील मंत्रिमंडळांचे राजीनामे यांमुळे ती खुंटली. स्वातंत्र्योत्तर काळात बुनियादी शाळा बऱ्याच निघाल्या, परंतु पुढील शिक्षणाची दारे पुस्तकी परीक्षेनेच उघडत होती आणि पालकांनी तो हिशेब अचूक केला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) पुरस्कारिलेला ‘कार्यानुभव’ हा विषय वेळापत्रकातील एका तासिकेपुरता उरला. सेवाग्राम येथे २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ या नावाने नई तालीमची शाळा पुन्हा सुरू झाली.

विज्ञानशिक्षण : बुनियादी शाळा मागे पडल्या, तरी हाताने शिकण्याचा विचार विज्ञानाच्या वाटेने परतला. पूर्वी मध्य प्रांतात असलेल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांत प्रयोगाधारित विज्ञानशिक्षण सुरू झाले. ते २००२ मध्ये शासनाने बंद केले. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापिलेल्या विज्ञान आश्रमाने आठवी ते दहावीच्या मुलांना सुतारकाम, वीज, शेती व आरोग्य यांतून तंत्रज्ञानाची ओळख करून दिली. नागपुरात १९९२ मध्ये रामन विज्ञान केंद्र उभे राहिले. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या शहरातील ‘अपूर्व विज्ञान मेळावा’ अधिक लक्षणीय आहे. मूलभूत विज्ञानशिक्षणासाठी काम करणारी स्थानिक संस्था व महानगरपालिका यांच्या सहकार्याने भरणाऱ्या या मेळाव्यात महापालिकेच्या शाळांतील विद्यार्थी बाटल्या, फुगे, नळ्या यांसारख्या घरगुती वस्तूंचे प्रयोग मांडतात व येणाऱ्यास स्वतः समजावून सांगतात. पाहावयास येणाऱ्यांत शहरातील इतर शाळांची मुले व पालकही असतात. ज्या मुलांना एरवी कोणी काही विचारीत नाही, त्यांना येथे प्रश्न विचारले जातात. हवेचा दाब कळणे आणि तो अनोळखी माणसाला पटवून देणे या दोन पायऱ्या आहेत. दुसरी चढल्याशिवाय पहिली पक्की होत नाही.

वयाची मर्यादा दुसऱ्या टोकासही सैल झाली आहे. अमेरिकेत कॅमेरॉन कॅम्प या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकापासून स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी माँटेसोरी तत्त्वांवर आधारित उपक्रम रचले. वस्तूंचे वर्गीकरण, घड्या घालणे, ओतणे-भरणे अशी कामे त्यांत असतात. शब्द विसरले तरी हातांना सवयीचे काम आठवते, हा त्यांचा आधार आहे.

मर्यादा : पद्धतीच्या परिणामांविषयी अमेरिकेतील मिलवॉकी येथील एका अभ्यासात (२००६) माँटेसोरी शाळेत सोडतीने प्रवेश मिळालेल्या मुलांची तुलना सोडतीत नाव न आलेल्या मुलांशी करण्यात आली. पाच वर्षांच्या मुलांत वाचन, गणित व सामाजिक वर्तन या बाबतींत पहिला गट पुढे होता. तथापि अशा शाळांतील शिक्षक विशेष प्रशिक्षित असतात. भारतातील अडचण नेमकी तीच आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर नेले. त्या योजनेतील सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही केवळ एक सेवा होय; उरलेल्या पोषण व आरोग्य यांसंबंधीच्या आहेत. एकाच सेविकेला आहार, वजने, नोंदवह्या व सर्वेक्षणे सांभाळून मुलांकडे पाहावे लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा खेळ व कृती यांवर आधारलेला पायाभूत टप्पा मानला आहे. या टप्प्याचा पहिला भाग बहुसंख्य गरीब मुलांच्या बाबतीत याच सेविकेच्या हाती आहे. तिला निरीक्षणासाठी रोज किती वेळ मोकळा मिळतो, यावर बोर्डीच्या अंगणातील कल्पनेचे पुढे काय होईल हे अवलंबून राहील.