वाघोलीची धूळ छातीत किती खोल जाते?

वाघोलीच्या केसनंद फाट्यावर संध्याकाळी खडीचे डंपर, बस आणि दुचाक्यांची कोंडी होते आणि साइडपट्टीवरची धूळ माणसाच्या डोक्याइतकी उंच उठते. वाघोलीच्या खाणींतल्या दगडावर पुण्याच्या कितीतरी इमारती उभ्या राहिल्या. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत आलं, तोवर गृहसंकुलंही खाणी-क्रशरच्या शेजारी येऊन ठेपली होती.

डोळ्यांना दिसते ती धूळ त्यातल्या त्यात बरी. तिचे जाड कण नाकातच अडकतात. १० मायक्रॉनहून लहान कण श्वासनलिकांत उतरतात, खोकला आणि दमा चाळवतात. २.५ मायक्रॉनहून बारीक कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. (आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.) तिथल्या रक्षक पेशी ते गिळायला धावतात, त्यातून दाह होतो, दाहाची रसायनं रक्तात मिसळतात आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. म्हणूनच या कणांचा संबंध फुप्फुसांइतकाच हृदयविकाराशी आणि पक्षाघाताशी आहे. ‘धुळीनं फार तर खोकला होतो’ ही समजूत मला सर्वांत घातक वाटते.

इथला दगड काळा बेसॉल्ट. त्यात मुक्त सिलिका थोडीच, त्यामुळे सिलिकाच्या धुळीनं फुप्फुसांना होणाऱ्या सिलिकोसिस या विकाराची भीती राजस्थानातल्या वालुकाश्माच्या खाणींपेक्षा कमी. पण तेवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. सांडलेली खडी टायरखाली भरडली जाऊन पुन्हा पुन्हा उडते, तिच्यात डिझेलचा आणि जळत्या कचऱ्याचा बारीक धूर मिसळतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही, धूळ-धूर खालीच अडकतो. नेमक्या त्याच वेळी लोक फिरायला निघतात.

२.५ मायक्रॉनहून बारीक कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत असली तर भारतात चालते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये आपली शिफारशीची मर्यादा ५ वर आणली.

मुलांचा श्वास जलद, फुप्फुसं वाढीला लागलेली. दक्षिण कॅलिफोर्नियात हजारो शाळकरी मुलांची फुप्फुसं वर्षानुवर्षं तपासली गेली. प्रदूषित भागात त्यांची वाढ खुंटलेली दिसली. हवा सुधारल्यावर नंतरच्या वर्षांतल्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ सुधारली. वाघोलीत खाणकामगारांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ संस्थेनं पाषाण शाळा काढल्या. अशा मुलांचं घर खाणीजवळच असतं, त्यांना खिडकी लावून घ्यायची सोय नाही. क्रशरला आच्छादन आणि पाण्याचे फवारे, डंपरवर ताडपत्री, पक्क्या साइडपट्ट्या ही कामं त्यांच्या वस्तीपासून सुरू व्हावीत, आणि हवा मोजायचं यंत्रही आधी तिथेच लागावं.