‘तीन-पाच’चा घोळ : इंग्रजी शिकताय? मग त्या देशांच्या या गोष्टी आधी समजून घ्या

आमच्या शेजारच्या वस्तीवरचा एक पोरगा. पदवी झालेली, संगणकावर हात बसलेला, इंग्रजीही बऱ्यापैकी. फेब्रुवारीत त्याला एका अमेरिकन कंपनीचा मेल आला. घरबसल्या काम, मुलाखतही ऑनलाइन. मेलमध्ये तारीख होती ३/५. पोरानं वाचलं ३ मे. म्हणाला, अजून दोन महिने आहेत, तेवढ्यात हरभरा निघेल, तयारीही होईल. ७ मार्चला दुसरा मेल आला : आपण मुलाखतीला हजर राहिला नाहीत.

अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस. तिथं ३/५ म्हणजे ५ मार्च. पोरगं इंग्रजीत कच्चं नव्हतं. ही एवढीशी गोष्ट त्याला शाळेत, क्लासमध्ये कुणी सांगितलीच नव्हती.

आज गावोगावी पोरं-पोरी मोबाईलवर इंग्रजी शिकतायत. व्याकरण येतं, शब्द पाठ होतात. पण ती भाषा बोलणारी माणसं कुठं राहतात, कसं वागतात, हे कळलं नाही तर भाषा अर्धीच राहते. म्हणून हा लेख.

इंग्लंड, ब्रिटन की यूके?

आपले आजोबा-पणजोबा सगळ्याला मिळून ‘विलायत’ म्हणायचे. आपण सरसकट ‘इंग्लंड’ म्हणतो. दोन्ही अपुरं आहे.

यूके म्हणजे युनायटेड किंगडम. त्यात चार भाग : इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड. राजधान्या अनुक्रमे लंडन, एडिंबरा, कार्डिफ आणि बेलफास्ट. यातले पहिले तीन भाग ज्या मोठ्या बेटावर आहेत त्याला ग्रेट ब्रिटन म्हणतात. स्कॉटलंडच्या माणसाला ‘तुम्ही इंग्लंडचे का?’ असं विचारलं तर त्याला ते आवडत नाही. वेल्समध्ये रस्त्यावरच्या पाट्या इंग्रजीबरोबर वेल्श भाषेतही असतात.

आकार बघा. यूकेचं क्षेत्रफळ साधारण २ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर. आपल्या महाराष्ट्राचं ३ लाख ७ हजारांच्या वर. म्हणजे दीडशे वर्षं आपल्यावर राज्य करणारा देश आपल्या एका राज्यापेक्षाही लहान आहे!

आयर्लंड : शेतकऱ्यानं समजून घ्यावा असा देश

आयर्लंडचा मोठा भाग १९२२ पासून यूकेबाहेर आहे. राजधानी डब्लिन, चलन युरो. १७ मार्चला सेंट पॅट्रिकचा दिवस असतो, तेव्हा लोक हिरवे कपडे घालून मिरवणुका काढतात. पण आपण शेतकऱ्यांनी या देशाच्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली दुष्काळाची. १८४५ साली तिथल्या बटाट्यावर करपा आला. ढगाळ, दमट हवेत आपल्या बटाटा-टोमॅटोवर जो उशिराचा करपा येतो, तोच हा रोग. गरीब कुळांचं पोट एकट्या बटाट्यावर, त्यातही बहुतेक एकाच वाणावर. पीक हातचं गेलं, पुढच्या हंगामांतही गेलं. पुढच्या काही वर्षांत साधारण १० लाख माणसं उपासमारीनं आणि साथीनं मेली, जवळपास तेवढीच जहाजानं देश सोडून गेली. बरीचशी अमेरिकेत पोचली. त्याच काळात आयर्लंडमधलं धान्य विक्रीसाठी इंग्लंडला जातच होतं. त्या बेटाची लोकसंख्या आजही दुष्काळाआधीच्या आकड्याला पोचलेली नाही. एकाच पिकावर, एकाच वाणावर सगळा भार टाकला की काय होतं, याचं यापेक्षा मोठं उदाहरण सापडणार नाही.

दुसरी गोष्ट एका शब्दाची. आपण बातम्यांत रोज ‘बॉयकॉट’ वाचतो. हा शब्द एका माणसाच्या आडनावावरून आलाय. १८८० साली आयर्लंडच्या मेयो भागात चार्ल्स बॉयकॉट हा एका जमीनदाराचा कारभारी होता. पीक बरं आलं नव्हतं म्हणून कुळांनी खंड कमी करून मागितला. त्यांची मागणी मान्य झाली नाही, उलट काहींना बेदखल करण्याच्या नोटिसा निघाल्या. मग गावानं ठरवलं : मारहाण नाही, जाळपोळ नाही, पण याच्याशी व्यवहारही नाही. मजूर कामावर येईनात, दुकानदार माल देईना, टपाल पोचेना. शेवटी बाहेरून पन्नासेक माणसं आणून, सैन्याच्या बंदोबस्तात पीक काढावं लागलं. बंदोबस्ताचा खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. बॉयकॉट ते गाव सोडून गेला, नाव मात्र शब्दकोशात राहिलं.

अमेरिका आणि कॅनडा

अमेरिकेत ५० राज्यं. राजधानी वॉशिंग्टन, न्यूयॉर्क नव्हे. ४ जुलै हा स्वातंत्र्यदिन, कारण १७७६ साली त्या तारखेला ब्रिटनपासून वेगळं होण्याचा जाहीरनामा मंजूर झाला.

त्यांचा घरगुती सण म्हणजे थँक्सगिव्हिंग. हा सुगीचा सण. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी सगळं कुटुंब एकत्र जेवतं. टर्की नावाचा मोठा पक्षी भाजतात, भोपळ्याचा गोड पदार्थ करतात. दिवाळीला आपली पोरं पुण्या-मुंबईहून गावी येतात आणि एसटीला जागा मिळत नाही, तशीच गर्दी तिथं विमानतळावर आणि रस्त्यावर असते.

कॅनडातही थँक्सगिव्हिंग आहे, पण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी. तिथं थंडी लवकर पडते, त्यामुळं सुगीही लवकर उरकते. कॅनडाची राजधानी ओटावा, टोरांटो नव्हे. इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही राजभाषा आहेत आणि क्वेबेक प्रांतात कारभार फ्रेंचमध्ये चालतो.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड : उलटे ऋतू

हे दोन्ही देश विषुववृत्ताच्या खाली. म्हणून डिसेंबरात तिथं कडक उन्हाळा. नाताळाला बर्फ नाही, लोक समुद्रावर जातात. त्यांचा गहू काढणीला येतो तो साधारण ऑक्टोबरपासून, म्हणजे आपण पेरत असतो तेव्हा.

ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा, सिडनी नव्हे. गंमत म्हणजे त्यांचा राष्ट्रीय दिवसही २६ जानेवारीच. १७८८ साली त्या तारखेला इंग्रजांची वसाहत सुरू झाली. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी बरेच जण मात्र हा दिवस दुःखाचा मानतात. २५ एप्रिलचा ॲन्झॅक दिवस दोन्ही देश पाळतात. १९१५ साली तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या लढाईत पडलेल्या जवानांची आठवण म्हणून पहाटे लोक जमतात. त्या लढाईत भारतीय जवानही होते.

न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन. तिथं माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आहेत. स्थानिक माओरी लोकांची भाषा १९८७ पासून राजभाषा आहे. बायकांना मतदानाचा हक्क या देशानं १८९३ सालीच दिला.

एकच इंग्रजी, पण अर्थ वेगळे

‘कॉर्न’ म्हटलं की आपल्याला मका आठवतो. अमेरिकेतही तेच. पण ब्रिटनच्या जुन्या पुस्तकात ‘कॉर्न’ म्हणजे कुठलंही धान्य, बहुतेक वेळा गहू. ‘फुटबॉल’चंही तसंच. ब्रिटनमध्ये तो पायानं खेळायचा खेळ, तर अमेरिकेत बहुतेक वेळ चेंडू हातात घेऊन पळायचा. ‘फर्स्ट फ्लोअर’ ब्रिटनमध्ये पहिला मजला, अमेरिकेत तळमजला. पत्ता शोधताना जिना चढायचा की नाही, ते देश बघून ठरवा!

आणि इंग्रजीनंही आपल्याकडून उचललंय. त्यांचा ‘मंगूज’ हा आपला मुंगूस आहे, मराठीतून गेलेला. त्यामुळं इंग्रजीला बिचकायचं काही कारण नाही.

कामाला लागतील अशा पाच गोष्टी

१. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा. ‘५ मार्च’ लिहिलं की कुणाचाच घोळ होत नाही. समोरून आकड्यात आली तर मेल करून विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

२. घड्याळ जपा. ब्रिटन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असतं, उन्हाळ्यात साडेचार. कारण तिथं मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढं करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागं, उन्हाळ्यात साडेनऊ.

३. अर्जात ‘लास्ट नेम’ म्हणजे आडनाव. आपल्याकडं सातबाऱ्यापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत नावाचा क्रम बदलत असतो. परदेशी अर्जात नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच भरा.

४. ‘प्लीज’, ‘थँक यू’, ‘सॉरी’ सढळ हातानं वापरा. आपण घरच्या माणसाला ‘जरा पाणी दे गं’ म्हणतो, त्या ‘जरा’त आणि आवाजात आपली विनंती येते. इंग्रजीत ती शब्दानं सांगावी लागते. ‘प्लीज’ नसेल तर आपण हुकूम सोडतोय असं त्यांना वाटतं.

५. ‘हाऊ आर यू?’ हा आपल्या ‘काय, बरं हाय का?’सारखा प्रश्न आहे. त्यावर गुडघेदुखीची कहाणी सांगायची नसते. ‘आय ॲम फाइन, थँक यू’ म्हणायचं आणि उलट विचारायचं. मात्र पगार किती, लग्न झालं का, वय काय, हे आपले पारावरचे प्रश्न तिथं पहिल्या भेटीत विचारू नयेत. साहेबालाही बऱ्याच ठिकाणी नावानंच हाक मारतात, तो अपमान नसतो.

यातलं काही अवघड नाही. वही घेऊन बसलं तर दोन संध्याकाळचं काम. पण हे माहीत नसल्यामुळं हातातोंडाशी आलेला घास जाऊ शकतो, हे आमच्या वस्तीनं पाहिलंय.

त्या पोरानं आता दुसरीकडं अर्ज केलाय. परवा पारावर भेटला, मोबाईल पुढं केला. म्हणाला, “काका, बघा, बरोबर आहे का?” तारखेच्या रकान्यात महिना अक्षरात लिहिला होता.